कंपनीचे दिवाळे आणि शेतकऱ्याचे येणे

दिवाळे हा शब्द उच्चारताच आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर दुकानास कुलूप लावून रातोरात परागंदा झालेला वाणी उभा राहतो. हा विषय व्यापाऱ्यांचा व वकिलांचा आहे, शेतकऱ्याने त्यात डोके घालण्याचे प्रयोजन नाही, असा समज सर्वत्र आढळतो. तो समज चुकीचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. श्रीरामपूर तालुक्यातील बागाईतदार शेतकरी आज ऊस, दूध, सोयाबीन, फळे व बियाणे ज्यांस घालतो त्यांत कंपन्या पुष्कळ आहेत. माल आज जातो आणि पैसा मागाहून येतो. म्हणजे माल काट्यावर चढला त्या क्षणापासून पैसा हाती पडेपर्यंत शेतकरी त्या कंपनीचा धनको असतो. सावकार कर्ज देताना ऋणकोची पत पाहतो, तारण मागतो, दस्तऐवज लिहून घेतो. शेतकरी यांपैकी काहीही न करता लाखो रुपयांचा माल उधार देतो. अशा धनकोने कंपनी बुडाली तर पुढे काय होते, हे जाणून घेणे अगत्याचे नव्हे काय?

यास्तव कंपन्यांच्या नादारीचा व पुनरुज्जीवनाचा जो कायदा आज देशात चालू आहे त्याचे स्वरूप, त्यामागील धोरण आणि त्यात शेतकऱ्याचे नेमके स्थान, यांचा विचार आम्ही या लेखात करीत आहोत.

नादारीशी आपल्या जिल्ह्याचा जुना संबंध

प्रथम एक गोष्ट सांगितली पाहिजे. नादारीचा कायदा आपल्या जिल्ह्यास नवा नाही. १८७५ साली १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कर्जबाजारी कुणब्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळले, आणि हे लोण अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. सरकारने चौकशी कमिशन नेमले व त्याच्या कामातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचे कष्टनिवारण करणारा कायदा निघाला. तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू होता. या कायद्यात शेतकऱ्याच्या नादारीचे स्वतंत्र प्रकरण होते. पन्नास रुपये वा त्याहून अधिक कर्ज असलेल्या शेतकऱ्यास दुय्यम न्यायाधीशाकडे अर्ज करून नादार ठरवून घेता येई. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्यास कैदेत टाकण्यास बंदी झाली, आणि जी जमीन स्पष्टपणे गहाण लिहून दिलेली नाही ती सामान्य हुकूमनाम्यात जप्त होण्यापासून वाचली.

या तरतुदींमागील तत्त्व ध्यानात घेण्यासारखे आहे. ऋणकोचे सर्वस्व काढून घेतल्याने धनकोचेही अखेर नुकसानच होते. कुणब्याचे बैल व नांगर विकले तर या साली चार रुपये सुटतील, परंतु पुढील सालापासून पीकच येणार नाही. चालते औत मोडून विकू नये, हे जे शहाणपण शेतकऱ्याच्या बाबतीत सुमारे दीडशे वर्षांपूर्वी सुचले, तेच आज कारखान्याच्या बाबतीत कायद्याने स्वीकारले आहे. उभा कारखाना, त्यातील कसबी कामगार, त्यास ऊस घालणारी गावे आणि बाजारातील त्याचे नाव, या सर्वांची मिळून जी किंमत होते, ती यंत्रे सुटी करून भंगाराच्या भावाने विकल्यास येत नाही. पुनरुज्जीवनाच्या धोरणाचा सारा पाया हा आहे.

जुनी व्यवस्था का फसली

या धोरणाचा पहिला मोठा प्रयोग आपल्याकडे १९८५ च्या आजारी औद्योगिक कंपन्यांविषयीच्या कायद्याने झाला. त्याखाली औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळ स्थापन होऊन १९८७ पासून ते काम पाहू लागले. संचित तोट्याने कंपनीचे सर्व भांडवल व गंगाजळी खाऊन टाकली म्हणजे ती आजारी समजावी, असे माप ठरले. रोगी शेवटच्या घटका मोजू लागल्यावर वैद्यास बोलवावे, असाच हा प्रकार होता. शिवाय प्रकरण मंडळापुढे गेले की वसुलीचे सर्व दावे थांबत, आणि जुनेच चालक गादीवर राहत. परिणामी कित्येक मालकांनी या आश्रयाखाली वर्षानुवर्षे काढली. यंत्रे गंजली, कामगार पांगले, धनको थकले. हा कायदा अखेर १ डिसेंबर २०१६ पासून रद्द झाला.

इतर देशांनी काय केले, हेही पाहावे. इंग्लंडात १९८२ साली कॉर्क समितीने आपला अहवाल दिला व त्यास अनुसरून १९८६ चा कायदा झाला. त्यात बुडत्या कंपनीचा कारभार काही काळ एका तज्ज्ञ प्रशासकाच्या हाती देण्याची सोय केली. अमेरिकेत १९७८ च्या कायद्यातील अकराव्या प्रकरणान्वये जुने चालकच न्यायालयाच्या देखरेखीखाली कंपनी चालवितात व धनकोंपुढे फेडीची योजना मांडतात. त्याच देशाने १९८६ साली शेतीचा धंदा करणाऱ्या कुटुंबांकरिता बारावे प्रकरण स्वतंत्रपणे जोडले. शेतीचे उत्पन्न हंगामी असते, म्हणून फेडीची योजनाही हंगामास धरून करावी, हे तेथे मान्य झाले. आमच्या येथील विचारवंतांनी या बारीक गोष्टीकडे लक्ष द्यावे, असे आम्हांस वाटते.

आजचा कायदा

टी. के. विश्वनाथन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नोव्हेंबर २०१५ मध्ये अहवाल दिल्यावर २०१६ साली दिवाळे व नादारी संहिता संमत झाली. तिची रचना थोडक्यात अशी आहे. कंपनीने देणे चुकविले की धनको किंवा स्वतः कंपनी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे अर्ज करू शकते. महाराष्ट्रातील कंपन्यांची प्रकरणे मुंबईच्या पीठापुढे चालतात. पूर्वी एक लाख रुपयांचे देणे थकले तरी अर्ज करता येत असे. २४ मार्च २०२० पासून ही मर्यादा एक कोटी रुपये झाली आहे.

अर्ज दाखल करून घेतला की तीन गोष्टी होतात. पहिली, संचालक मंडळाचे अधिकार थांबतात व कारभार दिवाळे-व्यावसायिक नामक परवानाधारक तज्ज्ञाच्या हाती जातो. दुसरी, कंपनीविरुद्धचे सर्व दावे, जप्त्या व वसुल्या स्थगित होतात. तिसरी, कर्ज देणाऱ्या बँका व वित्तसंस्था यांची धनको-समिती बनते, आणि कंपनी कोणाच्या हाती कोणत्या अटींवर द्यावी हे ती ठरविते. त्यासाठी मतांच्या ६६ टक्क्यांचे बहुमत लागते. मुदत १८० दिवसांची, वाढीव ९० दिवसांची, आणि कोर्टकचेरीचा काळ धरून ३३० दिवसांची आहे. या अवधीत योजना मंजूर न झाल्यास कंपनी मोडीत काढून तिची मालमत्ता विकावयाची.

या संहितेखालील आरंभीच्या महत्त्वाच्या प्रकरणांपैकी एक आपल्या पुण्याचेच आहे. इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीज या पुण्याच्या कंपनीविरुद्ध आय.सी.आय.सी.आय. बँकेने अर्ज केला. महाराष्ट्र सरकारने एका जुन्या राज्य कायद्यान्वये आमची देणी तात्पुरती स्थगित केली आहेत, असा बचाव कंपनीने केला. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१७ रोजी तो फेटाळला. केंद्राच्या संहितेपुढे विरोधी राज्य कायदा टिकत नाही, आणि संहिता लागू झाल्यावर जुन्या चालकांस कारभारात बोलण्याचा हक्क उरत नाही, हे दोन्ही मुद्दे त्या निकालाने पक्के झाले. पुढे जानेवारी २०१९ मध्ये स्विस रिबन्सच्या प्रकरणात संपूर्ण संहितेची घटनात्मक वैधता मान्य झाली.

अर्थात कायद्याच्या कागदावरील मुदत व प्रत्यक्ष व्यवहार यांत अंतर आहे. पुष्कळ प्रकरणे ३३० दिवस उलटून कितीतरी पुढे जातात, आणि योजना मंजूर झालेल्या प्रकरणांतही धनकोंच्या मान्य येण्यांपैकी सरासरीने सुमारे एक-तृतीयांशच हाती येतो. तरीही गादी जाण्याचे भय मालकांस प्रथमच वाटू लागले आणि कित्येकांनी अर्ज दाखल होण्यापूर्वीच देणी चुकती केली, हा लाभ लहान नाही.

शेतकऱ्याचे पान कोठे वाढले आहे

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. संहितेने धनकोंचे दोन वर्ग केले आहेत. ज्यांनी व्याजाने पैसा दिला ते वित्तीय धनको, आणि ज्यांनी माल पुरविला किंवा सेवा दिली ते व्यवहारी धनको. ऊस, दूध किंवा धान्य घालणारा शेतकरी दुसऱ्या वर्गात मोडतो. धनको-समितीत मत बँकांस आहे, व्यवहारी धनकोंस नाही. त्यांचे एकूण येणे कंपनीच्या कर्जाच्या दहा टक्क्यांहून कमी नसेल तर त्यांच्या प्रतिनिधीस सभेस हजर राहता येते, परंतु मत देता येत नाही. पंक्तीत पाट मिळाला, पण पात्र वाढले नाही, अशी ही अवस्था आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये एस्सार स्टीलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, दोन्ही वर्गांस सारखाच वाटा द्यावा असे नाही, आणि वाटणीचा निर्णय प्रामुख्याने धनको-समितीच्या व्यापारी बुद्धीवर सोडावयाचा.

कंपनी मोडीत निघाली तर वाटणीचा क्रम कलम ५३ मध्ये दिला आहे. पहिल्याने सर्व प्रक्रियेचा खर्च भागवावयाचा. त्यानंतर कामगारांचे मागील २४ महिन्यांचे येणे आणि आपले तारण सामाईक निधीत सोडणाऱ्या बँकांचे कर्ज, ही दोन्ही एका पायरीवर. मग इतर नोकरांचे १२ महिन्यांचे पगार. मग विनातारण कर्ज देणारे वित्तीय धनको. मग सरकारी कर, आणि तारण विकूनही ज्यांचे येणे उरले अशा बँकांची बाकी. आणि त्यानंतर 'उरलेली सर्व देणी' या सदरात माल घालणारा शेतकरी. त्याच्या खाली फक्त भागधारक.

हे आकड्यांनी समजून घेऊ. उदाहरण केवळ कल्पित आहे. एक खासगी साखर कारखाना मोडीत निघून त्याचे १०० कोटी रुपये आले. प्रक्रियेचा खर्च ५ कोटी. कामगारांचे येणे १० कोटी, बँकांचे १२० कोटी व ऊसवाल्या शेतकऱ्यांचे २० कोटी. खर्च वजा जाता ९५ कोटी राहिले. ते कामगार व बँका यांच्या १३० कोटींच्या येण्यात वाटले म्हणजे त्यांस रुपयामागे सुमारे ७३ पैसे मिळाले. शेतकऱ्याच्या पदरात एक छदामही पडला नाही. आता हाच कारखाना चालता ठेवून कोणी १४० कोटींची योजना आणली असे धरू. खर्चाचे ५ कोटी व वरच्या पायरीचे १३० कोटी गेल्यावर ५ कोटी उरतात, आणि मधल्या पायऱ्यांवर दुसरे कोणी नसल्यास ते शेतकऱ्यांच्या २० कोटींपोटी येतात; म्हणजे रुपयास चार आणे. २०१९ च्या दुरुस्तीने असे ठरविले आहे की, मोडीत निघाल्यास जे मिळाले असते ते, किंवा योजनेची रक्कम याच क्रमाने वाटली असता जे मिळाले असते ते, यांपैकी जे अधिक असेल त्याहून कमी रक्कम व्यवहारी धनकोस देता येणार नाही, व ती वित्तीय धनकोंच्या आधी द्यावी. पहिल्या मापाने शेतकऱ्याचा किमान हक्क शून्य येतो आणि दुसऱ्याने चार आणे. कारखाना चालता राहण्यात बँकेपेक्षाही शेतकऱ्याचे हित अधिक आहे, ते यामुळे. बँक मोडीतही बहुतांश पैसे काढून घेते. शेतकऱ्यास मोडीत काहीच नसते, शिवाय पुढील हंगामाचा गाळपाचा आधारही जातो.

येथे कोणी म्हणेल की, ऊसदरास तर स्वतंत्र कायद्याचे संरक्षण आहे. ते खरे आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशान्वये ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावयाचे असतात, उशीर झाल्यास १५ टक्के व्याज द्यावे लागते, आणि साखर आयुक्तांच्या वसुली प्रमाणपत्रावरून जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करू शकतात. परंतु हे हत्यार कंपनी उभी असेपर्यंतच चालते. संहितेखालील स्थगिती लागू झाली की वसुलीची कारवाई जागच्या जागी थांबते, आणि प्रमाणपत्र हाती असलेल्या शेतकऱ्यासही इतरांप्रमाणे येण्याचा दावा नोंदवून वाट पाहावी लागते. चौदा दिवसांचा नियम पहिल्या पंधरवड्यातच वापरावयाचा असतो, तो याच कारणास्तव.

श्रीरामपूरचे तीन धडे

आमच्या तालुक्याने या विषयाचे धडे पुस्तकातून नव्हे, अनुभवातून घेतले आहेत. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या पाटाने हा मुलूख हिरवा केला. हरेगावास बेलापूर कंपनीचा कारखाना उभा राहिला. १९३३ साली महादेव लक्ष्मण डहाणूकर यांनी महाराष्ट्र शुगर मिल्स स्थापिली व त्याभोवती टिळकनगर वसले. स्टेशन आजही बेलापूर या नावाने ओळखले जाते, परंतु त्याच्या भोवतीची पेठ वाढून श्रीरामपूर झाली ती या उसाच्या जोरावर.

पहिला धडा जमिनीचा. या कंपन्यांनी आपल्या मळ्यांसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या होत्या. तालुक्यातील नऊ गावांच्या ज्या जमिनी आकारी पड म्हणून ओळखल्या जातात, त्याही पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सरकारने घेऊन पुढे बेलापूर कंपनीकडे गेल्या. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने कंपन्यांचे मळे सरकारजमा झाले आणि १९६३ साली स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेले. कंपनीच्या ताब्यातील जमीन ही कंपनीच्या मालकीची नव्हे, हे सांगता सांगता खंडकऱ्यांच्या दोन पिढ्या सरल्या. कायद्यात दुरुस्ती होऊन जमिनी परत मिळू लागल्या त्या २०१२ नंतर. हरेगावचा कारखाना बंद पडून कित्येक वर्षे लोटली. जमिनीचा वाद मात्र कारखान्याहून दीर्घायुषी ठरला.

आजच्या संहितेत या प्रश्नाचे उत्तर अंशतः आहे. दुसऱ्याच्या मालकीची व केवळ कराराने कंपनीच्या ताब्यात असलेली वस्तू धनकोंत वाटावयाच्या मालमत्तेत धरता येत नाही. परंतु स्थगितीच्या काळात मालकास ती कंपनीच्या ताब्यातून काढूनही घेता येत नाही. म्हणून आज जे शेतकरी सौर प्रकल्पास, गोदामास वा फळप्रक्रियेच्या कारखान्यास जमीन भाड्याने देत आहेत, त्यांनी करार नोंदवून घ्यावा, सातबाऱ्यावरील आपले नाव अबाधित ठेवावे, आणि त्या जमिनीवर कंपनीस कर्ज काढता येणार नाही अशी अट स्पष्ट शब्दांत घालावी.

दुसरा धडा तडजोडीचा. टिळकनगरच्या कंपनीचा मद्यनिर्मितीचा धंदा पुढे टिळकनगर इंडस्ट्रीज या नावाने वाढला, परंतु कर्जही फार वाढले. बँकांची येणी मालमत्ता पुनर्रचना कंपनीकडे गेली, तडजोडीने हप्ते बांधले गेले, आणि कारखाना चालता राहिला. जुलै २०२५ मध्ये याच कंपनीने पेर्नो रिकार या फ्रेंच कंपनीकडून इंपीरियल ब्लू हा धंदा सुमारे ४,१५० कोटी रुपयांस घेण्याचा करार जाहीर केला. बाजारात खपणारे नाव व चालता धंदा यांस किंमत असते, आणि धनकोंनी घाईने ती मोडून खाल्ली नाही तर कर्जात रुतलेली कंपनीही उभी राहू शकते, याचे हे घरचे उदाहरण आहे.

तिसरा धडा सहकाराचा. १९५० साली लोणीस विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ व वैकुंठभाई मेहता यांच्या प्रयत्नाने प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला, आणि शेतकरीच कारखान्याचा मालक झाला. परंतु सहकारी कारखाना आजारी पडला तर कोणते औषध? तो राज्याच्या १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेला असतो. कंपन्यांकरिता आखलेली ही कालबद्ध चौकट व्यवहारात त्याच्या वाट्यास येत नाही. तेथे निबंधक अवसायक नेमतो, किंवा तारण असलेली बँक २००२ च्या सरफेसी कायद्याने ताबा घेते. सहकारी बँकांसही तो कायदा वापरता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये निश्चित केले आहे. शेजारच्या राहुरीचा डॉ. बाबुराव बापूजी तनपुरे कारखाना थकित कर्जापोटी जिल्हा सहकारी बँकेने ताब्यात घेतला, हे वाचकांस ठाऊकच आहे. राज्यातील कित्येक सहकारी कारखाने राज्य सहकारी बँकेने लिलावाने विकले, आणि किंमत योग्य आली की नाही यावर न्यायालयांत दीर्घ वाद झाले. कंपनीच्या बाबतीत निदान मूल्यमापन, जाहीर बोली, मुदत व न्यायाधिकरणाची मंजुरी या पायऱ्या आहेत. हजारो सभासदांच्या भागभांडवलातून उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्यास त्याहून कमी संरक्षण असावे, हे आम्हांस न्याय्य वाटत नाही. बहुराज्य सहकारी संस्थांकरिता २०२३ च्या दुरुस्तीने पुनर्वसन निधीची योजना झाली आहे. राज्यातील संस्थांकरिताही वेळीच रोग ओळखणारी, सभासदांस विचारात घेणारी व मुदतबंद अशी पुनरुज्जीवनाची पद्धत हवी.

शेतकरी स्वतः ऋणको असतो तेव्हा

आणखी एका गोष्टीची सूचना देणे आमचे कर्तव्य आहे. गेल्या काही वर्षांत गावोगावी शेतकरी उत्पादक कंपन्या निघाल्या आहेत. नाव शेतकऱ्याचे असले तरी ती कायद्याने कंपनीच आहे, आणि तीस ही संहिता लागू होते. तिचे संचालक बहुधा आपल्यातलेच चार मान्यवर असतात, आणि बँकेचे कर्ज घेताना त्यांच्या वैयक्तिक हमीवर सह्या घेतल्या जातात. सही करणाऱ्यास ती केवळ रीत वाटते. परंतु कंपनीच्या कर्जास हमी देणाऱ्या व्यक्तीविरुद्धही नादारीची कारवाई करण्याची तरतूद १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आली असून, सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये ती वैध ठरविली आहे. कंपनीची योजना मंजूर झाली म्हणून हमीदार आपोआप सुटत नाही, हेही त्याच निकालात आले. तसेच डबघाईस आलेल्या कंपनीने एका मर्जीतल्या धनकोस मागील वर्षभरात, आणि तो संचालकांच्या नात्यागोत्यातील असल्यास मागील दोन वर्षांत, पक्षपाताने दिलेले पैसे परत मागता येतात. भावबंदांची बाकी आधी चुकती करून इतरांस ताटकळत ठेवण्याची आपली जुनी सवय येथे महागात पडेल.

कर्तव्य काय

वरील विवेचनावरून शेतकऱ्याने व्यवहारात पुढील सावधगिरी ठेवावी, असे आम्ही सुचवितो.

१. वजनपावती, दराचा करार व बँक-खात्याचा उतारा हे तीन कागद हंगामवार जपून ठेवावेत. दावा नोंदविताना तोंडी सांगण्यास किंमत नाही.

२. चौदा दिवस उलटताच लेखी मागणी करावी व साखर आयुक्तांकडे तक्रार द्यावी. पुढाऱ्यांच्या आश्वासनावर दुसरा हंगाम उधार घालू नये. मुदतीत पैसे न मिळणे हेच आजाराचे पहिले लक्षण होय.

३. एखाद्या कंपनीची प्रक्रिया सुरू झाल्याचे ऐकताच दिवाळे व नादारी मंडळाच्या संकेतस्थळावरील जाहीर सूचना पाहावी. ती एका इंग्रजी व एका प्रादेशिक वर्तमानपत्रातही येते. परंतु कंपनीची कचेरी दूरच्या शहरी असल्यास ती आपल्या वाचनात न येण्याचा संभव असतो. माल घालणाऱ्याने आपला दावा 'बी' नमुन्यात दिलेल्या तारखेच्या आत नोंदवावा. ज्याचा दावा नोंदला नाही त्याचे येणे योजना मंजूर झाल्यावर बहुधा कायमचे बुडते.

४. एकेकट्या लहान शेतकऱ्याचे येणे एक कोटीस पोहोचत नाही, म्हणून अर्ज करण्याचे दार त्यास बंद आहे. परंतु सर्वांनी दावे नोंदविले व एकूण येणे दहा टक्क्यांवर गेले तर सभेत प्रतिनिधी बसविता येतो. विखुरलेल्या शंभर दाव्यांस कोणी विचारीत नाही. एकत्र मांडलेल्या यादीकडे लक्ष द्यावे लागते. हे काम आमच्या संघासारख्या संस्थांनी अंगावर घेतले पाहिजे.

५. या कायद्यात वारंवार दुरुस्त्या होतात. मोठी रक्कम अडकली असल्यास जाणत्याचा सल्ला त्या वेळच्या नियमांप्रमाणे घ्यावा.

शेवटी शिक्षणाविषयी दोन शब्द. शेतकऱ्यांची जी मुले वकिली, हिशेबशास्त्र वा वाणिज्य शिकत आहेत, त्यांच्यापुढे हे एक नवे क्षेत्र आहे. दिवाळे-व्यावसायिक होण्यासाठी मंडळाची परीक्षा असून, २०१९ पासून दोन वर्षांचा स्वतंत्र पदव्युत्तर क्रमही सुरू झाला आहे. आजवर या विषयाचा अभ्यास बँकांच्या व मोठ्या भांडवलदारांच्या बाजूने झाला. काट्यावरच्या पावतीचा अर्थ ज्यांस लहानपणापासून कळतो, अशी माणसे या क्षेत्रात गेली तर व्यवहारी धनकोंच्या शेवटच्या पायरीचा प्रश्न तेथे कोणी तरी पोटतिडकीने मांडील. ऊसवाला शेतकरी हा पसंतीने झालेला सावकार नव्हे. नाशवंत माल हाती असल्यामुळे त्यास उधारी करणे भागच पडते. कायद्याने कामगाराची मजुरी जशी वरच्या पायरीवर नेली, तशीच निदान एका हंगामाच्या शेतमालाची किंमतही न्यावी, ही मागणी आम्ही रास्त समजतो, आणि सर्व शेतकरी संस्थांनी ती सरकारपुढे एकमुखाने मांडावी, अशी आमची विनंती आहे.